ब्लॉगवरचं ‘हां’

६ जुलै, रविवार

माझी गोष्ट चोरीला गेली!

सकाळी पुष्पाताईंचा मेसेज. पालघरहून दिवाळी अंक काढतात त्या. ‘एकाच मांडवात’ ही कथा मी त्यांना मे महिन्यात पाठवली होती. मेसेज इथे उतरवून ठेवते, उद्या त्यांनी पुसला तरी पुरावा राहील – ‘चंद्रिकाताई, कथा मिळाली. परंतु हाच प्रसंग आणि हीच माणसं आम्ही “कुडापलीकडून” या ब्लॉगवर फेब्रुवारीतच वाचली आहेत. तिथली गोष्ट जास्त खरी वाटते. १५ ऑगस्टपर्यंत खुलासा करावा.’

खुलासा! चोरी माझी झाली आणि खुलासाही मीच करायचा.

वीस वर्षांत दोन कथा छापून आल्या माझ्या. ही तिसरी. अकरा वेळा लिहून काढली. हिच्यावर ‘उचललेली’ असा शिक्का बसला तर पुन्हा कोण छापेल मला? आणि डहाणूत कळल्यावर? वाचनालयाची ग्रंथपालच चोर!

प्रविणला सांगितलं. नवराच तो – म्हणाला, ‘तू पोलिसात हवी होतीस.’ आणि चिकूच्या झाडांना पाणी किती द्यायचं यावर नर्सरीवाल्याशी फोनवर बोलत बसला.

७ जुलै, सोमवार

वाचला ब्लॉग. वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर, दुपारी, कोणी नसताना.

लेखकाचं नाव नाही. फोटो नाही. गाव नाही. वर एका कुडाच्या भिंतीचं चित्र, बस्स. चौदा नोंदी. कोणी तपासलेलं नाही, कोणी दुरुस्त केलेलं नाही. वाक्यं मध्येच तुटतात. अर्धी भाषा आपली, अर्धी पुस्तकातली, जणू कोणी वारली बोलीवर इस्त्री फिरवली आहे. याला साहित्य म्हणायचं? आमच्या पुस्तकाला दाखलनोंद असते, क्रमांक असतो, छापणाऱ्याचा पत्ता असतो. चूक असली तर कोणाची मान धरायची ते माहीत असतं. इथे कोणाची धरणार?

आणि ते ‘हां’! दर दोन-तीन वाक्यांनंतर एक ‘हां.’ –

‘लग्न लावणारी धवलेरी गात होती. भिंतीवर लिहिलेला चौक अजून ओला होता. हां. नवरा माझ्याकडे बघेना. पंचवीस वर्षे बघितलं आणि आज लाजतो. हां.’

खाली वाचकांची गर्दी. एक म्हणतो, ‘काय लय! जणू श्वासच!’ दुसरी म्हणते, ‘हा स्त्रीने स्वतःला दिलेला होकार आहे.’ डोंबलाचा होकार! शैली दाखवायची हौस, दुसरं काय.

एक गोष्ट मात्र टिपून ठेवते. सगळ्या नोंदी संध्याकाळी सात ते आठमधल्या. नेमकी मी वाचनालयात असते तेव्हा. याचा अर्थ काय?

९ जुलै, बुधवार

आता खरं काय ते एकदा या वहीत लिहिते. वहीला कोणी हात लावत नाही, जुन्या दाखलनोंदीचं रजिस्टर समजतात.

आमच्यात लग्नाचा खर्च झेपला नाही तर जोडपं तसंच एकत्र राहतं. पोरं होतात, मोठी होतात. पण पोराचं लग्न लावायचं तर आधी आईबापाचं लागायला हवं. म्हणून माझ्या लग्नाच्या दिवशी, सासरी कैनाडात, त्याच मांडवात, आधी सासूसासऱ्यांचं लग्न लागलं आणि मग आमचं. सासूबाई – सुकी त्यांचं नाव – तेव्हा चाळिशीच्या पुढे. मी तलासरीकडची, आश्रमशाळेत दहावी झालेली, माझ्या मैत्रिणी वऱ्हाडात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

सासरे बारक्या. त्यांनी सासूबाईंना डहाणूच्या बाजारातून पिवळी साडी आणली, हिरव्या काठाची. माझ्यापेक्षा चांगली.

कथेत मी लिहिलंय – सासू स्वतःहून ती साडी सुनेला देते, आणि स्वतः जुनं लुगडं नेसून बोहल्यावर उभी राहते. वाचताना माझेच डोळे भरतात.

ब्लॉगवर काय आहे? ‘सून गोठ्यामागे आली. म्हणाली, ती साडी मला द्या, तुम्हाला या वयात काय करायची. हां. मी दिली नाही. मी म्हटलं, पंचवीस वर्षे बायको होते. नवरी आजच आहे. हां.’

मागितली होती. बरं, मागितली! वीस वर्षांची होते, अक्कल नव्हती. पण गोठ्यामागे आम्ही दोघीच होतो! मी हे जन्मात कोणाला सांगितलं नाही. सासूबाईंचा प्रश्न नाही, त्यांना अक्षर येत नाही, रेशनच्या दुकानात अजून अंगठा देतात. मग कोण?

रात्रीचं जेवण करताना उत्तर सापडलं. पहिल्या कच्च्या खर्ड्यात मी खरं लिहिलं होतं. मग लाज वाटली आणि त्यावर काट मारली. पण एका रेघेची काट! खालचं सगळं वाचता येतं. आणि शेवटची प्रतही त्याच खर्ड्याच्या वहीत, ती जानेवारीत मी टायपिंगला दिली होती उमेशकडे.

१० जुलै, गुरुवार

उमेशच्या दुकानात गेले – स्टेशनजवळ, झेरॉक्स आणि टायपिंग. नुसती बघायला. ‘बसा ताई, चा मागवू?’ म्हणाला. यापूर्वी कधी चहा विचारला नव्हता! चोराच्या मनात चांदणं.

१९ जुलै, शनिवार

सगळीकडे भाताची आवणी चालू आहे. माझीही पाठ मोडली, दोन दिवस रजा घेऊन चिखलात. सासूबाई अजून आमच्या पुढे जातात, रोप लावताना वर मान करत नाहीत. घरी आल्या की पडल्या पडल्या झोपतात.

ब्लॉगवर दहा दिवस एक अक्षर नाही. आणि उमेशचं दुकानही बंद! दारावर कागद – ‘आवणीसाठी गावी गेलो आहे.’ त्याचं गाव तलासरीच्या पुढे.

आणखी काय पुरावा पाहिजे?

प्रविण म्हणाला, ‘आईला विचार ना, लग्नात कोण कोण होतं.’ म्हटलं, त्यांना काय विचारायचं? ब्लॉग म्हणजे काय हे सांगण्यातच दिवाळी येईल.

२ ऑगस्ट, शनिवार

कार्यकारिणीची सभा. अध्यक्ष नविनभाई – चिकूचे व्यापारी, पुस्तक कधी घरी नेत नाहीत, पण वाचनालयावर जीव – एकदम म्हणाले, ‘चंद्रिकाबेन, ए ब्लॉग वाचला काय? कुडापलीकडून? बहु सरस! माझी मिसेस गुजरातीमां बोलून दाखवते सगळ्यांना. ऑक्टोबरमां त्यांना बोलवू आपण, सत्कार करू.’

मी म्हटलं, कोणाचा सत्कार करणार? माणूस आहे की नाही हेही माहीत नाही. नाव नसलेल्याचा विश्वास कसा धरायचा?

‘अरे, पण गोष्ट तर साची लागते ने!’

खरी वाटते. खरी वाटते! सगळे एकच पालुपद. मी म्हटलं, छापायला संपादक लागतो, कागद लागतो, कोणीतरी आधी वाचून ‘हो’ म्हणावं लागतं. इथे बटण दाबलं की झाला लेखक. उद्या कोणीही उठेल.

सुषमा मॅडम, सभासद आहेत, हायस्कूलच्या, हळूच म्हणाल्या, ‘कोणीही उठू दे की. इतकी वर्षं कोण उठत होतं?’

मी वही पुढे ओढली. सभेचं इतिवृत्त लिहायचं होतं.

५ ऑगस्ट, मंगळवार

सापळा लावला! एक नवीन गोष्ट लिहिली, चार पानी, सगळी खोटी. त्यात सासूच्या डाव्या पायाला सहा बोटं. उमेशकडे टायपिंगला दिली. आता ब्लॉगवर सहावं बोट उगवलं की धरलाच!

८ ऑगस्ट, शुक्रवार

बोट नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बोट नाहीच. सावध झालाय. पण आज जे आलंय ते इथे उतरवून घेते.

‘आमच्या घरी एक बाई आहे. ती पुस्तकांची राखण करते. हां. घरी आली की चपला काढायच्या आधी चष्मा काढते. मग तिला दारातली माणसे दिसत नाहीत. हां. ती वाईट नाही. तिला कागदावरचं ऐकू येतं. तोंडातलं येत नाही. हां.’

बारा जणांनी लाल बदाम टाकलेत.

हे उमेशला कसं कळलं? माझा चष्मा? दिवसभर विचार केला. प्रगती! आमची प्रगती बारावीला आहे, प्रोजेक्टच्या प्रिंटा काढायला त्याच्याकडेच जाते. बोलता बोलता आईच्या चुगल्या करत असणार, आणि हा टिपून घेतो. तिला विचारलं तर खाली बघून हसली. ‘काहीतरीच काय ग आई!’ ताकास तूर लागू देत नाही.

घरातच फितुरी.

१३ ऑगस्ट, बुधवार

आज गेले आणि सोक्षमोक्ष लावला. दुकानात चार माणसं होती, कोणी आधारचं काम घेऊन, कोणी दाखल्याचं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, उमेश, दुसऱ्याच्या वहीतलं चोरून ब्लॉग लिहितोस, लाज नाही वाटत?

तो उभाच राहिला. मग म्हणाला, ‘ताई, मी तुमची कथा टाईप केली, वाचली नाय. वाचीत बसलो तं लोकांचे अर्ज कवा करू? माझ्या बोटांना इचारा.’

एक म्हातारी हसली. मला अजून राग आला. म्हटलं, बोटांनाच विचारते आहे. आणि बरंच बोलले. सगळं इथे लिहीत नाही.

काचेवर एक कागद चिकटवलेला होता – ‘मराठी कथा, कविता टाईप करून मिळतील.’ माझ्या देखत त्याने तो सोलून काढला. अर्धा निघाला, अर्धा काचेवरच राहिला.

आल्याबरोबर पुष्पाताईंना कळवलं. नावासकट.

१८ ऑगस्ट, सोमवार

पुष्पाताई: ‘खुलासा पटला. कथा घेत आहोत. खाली तळटीप देऊ का – ही कथा अमुक व्यक्तीने ब्लॉगवर विनापरवानगी वापरली होती? नाव छापलं तर इतरांना जरब बसेल.’

छापा म्हटलं.

जिंकले! मग जेवण का जात नाही? खोट्या गोष्टीतली ती चार पानं उमेशने टाईप करून सुषमा मॅडमच्या हाती पाठवून दिली आज. एक चूक नाही त्यात. सहा बोटं सहाच.

२५ ऑगस्ट, सोमवार

कसं लिहू.

संध्याकाळी सहाला वाचनालयाची वीज गेली. बाहेरचा ट्रान्सफॉर्मर उडाला. नविनभाई म्हणाले, बंद करा, जा घरी. शेअर रिक्षाने कैनाडला उतरले तेव्हा सात वाजत होते. इतक्या लवकर मी कधीच घरी नसते.

ओट्यावर दिवा. मी अंगणात, कुडाच्या अलीकडे. आतून सासूबाईंचा आवाज येत होता –

‘मंग तो बोलला, सुके, तुना साडी आवडली का? मी बोलली, पंचवीस वरसं भात आवडला का ता कवा इचारलास?’

आणि प्रगतीचा आवाज – ‘हां.’

मी तिथेच उभी.

‘मंग त्यानी खाली बघला. आन् मांडवात सगली हसली.’

‘हां.’

हां! आमच्याकडे गोष्ट सांगणारा सांगतो आणि ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा असतो. हां, हां, करत राहायचं. हुंकार थांबला की गोष्ट थांबते, असा नियमच आहे. आणि दिवसा गोष्ट सांगायची नाही, मामा वाट चुकतो म्हणतात. म्हणून सात ते आठ. म्हणून आवणीत बंद. हे मला लहानपणापासून माहीत आहे! माझी आजी सांगायची, आम्ही भावंडं हां द्यायचो. आणि मी त्या ‘हां’मध्ये शैली शोधत बसले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आत गेले. सासूबाई भिंतीला टेकून, पाय पसरून. पुढे उलट्या सुपावर प्रगतीचा फोन, त्यावर माइकचं लाल चिन्ह. प्रगतीचा चेहरा पांढरा पडला.

सासूबाई म्हणाल्या, ‘आलीस? बस. नाय तं जा. मधी उभी नको राहूस, गोष्ट अडते.’

नंतर प्रगतीने सगळं सांगितलं, घाबरत घाबरत. आजी बोलते, फोन लिहितो. फोनला बोली नीट कळत नाही, तो आपली पुस्तकी करतो, मग ही थोडं सारखं करून टाकते. गेल्या दिवाळीपासून. ‘फोन माझं हां पण लिहायचा. पहिल्यांदा मी सगळे हां काढून टाकले होते. आजीला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, हां कुठं गेले? हां नाय तं ही गोष्ट कोनी आयकली कशावरून?’

विचारलं, मला का नाही सांगितलंस?

‘तू चुका काढल्या असत्यास.’

२६ ऑगस्ट, मंगळवार

झोप आली नाही. एक आठवलं ते लिहून टाकते.

लग्नानंतरचं पहिलं वर्ष. मी ग्रंथालयाच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. सासूबाई संध्याकाळी तांदूळ पाखडत गोष्ट सांगायच्या, मला एकटीलाच. मी पुस्तक मांडीवर ठेवून हां द्यायचे. एकदा वाचण्याच्या नादात विसरले. त्या थांबल्या. ‘निजलीस का?’ म्हटलं, नाही, वाचतेय. त्या उठल्या, सूप भिंतीला लावलं.

त्यानंतर त्यांनी मला एकही गोष्ट सांगितली नाही. मला वाटलं, त्यांच्या गोष्टी संपल्या. खरंच असं वाटलं मला. वीस वर्षं.

सकाळीच पुष्पाताईंना फोन केला – तळटीप छापू नका, उमेशचा काही संबंध नाही, माझी चूक झाली. त्या म्हणाल्या, ‘मग ब्लॉग कोणाचा?’ म्हटलं, घरातल्याच माणसाचा. ‘म्हणजे घरचीच गोष्ट! मग प्रश्नच मिटला. कथा जाते आपली. शेवटचं प्रूफ दहा सप्टेंबरला पाठवते.’

३० ऑगस्ट, शनिवार

उमेशकडे गेले. मुद्दाम गर्दी असताना. ज्या चौघांसमोर बोलले ते चौघे थोडेच परत मिळणार! पण होते तेवढ्यांसमोर म्हटलं – मी याच्यावर खोटा आळ घेतला होता, ब्लॉग याचा नाही.

तो मान खाली घालून झेरॉक्स काढत राहिला. मग म्हणाला, ‘ताई, त्या दिसापासून माझी बायको इचारते, खरंच तू लिवतोस का? ती खूश होती. आता तिला काय सांगू?’

मला हसू आलं नाही. काचेवर तो अर्धा कागद तसाच आहे. ‘मराठी कथा, क’ एवढंच उरलंय.

४ सप्टेंबर, गुरुवार

खरं लिहिते. कथा परत घ्यावी असं मला वाटत नाही.

का घ्यावी? लग्न माझंही होतं. अकरा वेळा मी लिहिली. माझं वाक्य सासूबाईंच्या वाक्यापेक्षा नीट आहे. तळटीप काढली, उमेशची माफी मागितली, झालं. साडीचा भाग बदलला तर काय – कथाच आहे ती, पंचनामा नाही. आणि सासूबाईंना कुठे वाचता येतं? त्यांना कळणारही नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि स्वतःचीच किळस आली. पण खोडत नाही. एका रेघेची काट मारून काय होतं ते पाहिलंय.

७ सप्टेंबर, रविवार

संध्याकाळी कथा घेऊन ओट्यावर बसले. म्हटलं, आई, मी एक गोष्ट लिहिली आहे, वाचू का?

सासूबाईंनी पाखडणं थांबवलं. मग सूप बाजूला ठेवलं. प्रगती फोन घ्यायला उठली, तिला त्यांनी हातानेच बसवलं.

वाचायला लागले. मांडव घातला. ‘हां.’ चौक लिहिला. ‘हां.’ धवलेरी आली, सासरे लाजले. ‘हां, हां.’ त्यांना मजा वाटत होती. एकदा तर तोंडाला पदर लावून हसल्या. वीस वर्षांनी कोणी माझं ऐकत होतं – नाही, वीस वर्षांनी मी त्यांच्याजवळ बसले होते. इतकं बरं वाटलं की भीती वाटली.

मग साडीचं पान आलं. ‘सासूने पिवळी साडी सुनेच्या हातात दिली आणि म्हणाली, पोरी, नवरी तू आहेस.’

थांबले.

वर बघितलं. त्या माझ्याकडेच बघत होत्या. रागाने नाही.

हां आला नाही.

मी पुढचं पान उलटलं नाही.